वाऱ्याचा काटा कोणाच्या हाती?

महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणात ‘काटा’ या दोन अक्षरी शब्दाला जेवढे वजन आहे, तेवढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील अनेक भारदस्त संज्ञांनाही नसेल. उसाची गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर चढली की शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचा हिशेब त्या काट्यावर ठरतो. उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे कारखान्याच्या प्रयोगशाळेत उतारा किती नोंदला जातो, यावरही तो ठरतो. दूध संकलन केंद्रावर हाच अधिकार फॅट मोजणाऱ्या यंत्राकडे असतो. दोन्हीकडे माल एकाचा आणि माप दुसऱ्याचे. म्हणूनच काटामारीविरुद्धची आंदोलने, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याच्या हक्काची मागणी, फॅट यंत्रांच्या तपासणीचा आग्रह ही कामे ग्रामीण कार्यकर्त्याला कधीच परकी वाटली नाहीत. मापात पाप असते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

याच महाराष्ट्रात गेली पंचवीस-तीस वर्षे आणखी एका मालाचा व्यवहार चालू आहे आणि त्याच्या काट्याविषयी मात्र आपण अवाक्षर काढलेले नाही. तो माल म्हणजे वारा. पाटण तालुक्यातील वनकुसवडे, साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार, सांगली जिल्ह्यातील ढालगाव, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल ही नावे आता पवनचक्क्यांमुळे ओळखली जातात. राज्यात सुमारे ५ हजार मेगावॉट आणि देशात ५० हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. या चक्क्यांतून बाहेर पडणाऱ्या विजेचे मोजमाप चोख असते. उपकेंद्रात मोहोरबंद मीटर असतो आणि वाचनाच्या वेळी दोन्ही पक्ष हजर असतात. परंतु चक्कीत आत शिरणारा वारा किती होता, हे मोजणारे उपकरण चक्कीच्याच माथ्यावर असते, त्याची नोंद बहुधा यंत्र बनवणाऱ्या किंवा चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकात साठते आणि ती पाहण्याचा अधिकार ना गावाला असतो, ना ग्राहकाला. अनेकदा चक्कीच्या मालकालाही ती कंपनीच्या मर्जीनेच मिळते.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे, कार्यकर्त्यांचा नव्हे, असे काही साथींना वाटेल. प्रस्तुत लेखकाचे मत नेमके उलट आहे. पवनचक्कीपुढच्या वाऱ्याचे माप हा सत्तेचा आणि हिशेबाचा प्रश्न आहे. स्वस्त संवेदक, म्हणजे ज्यांना आपण सेन्सर म्हणतो ती लहान उपकरणे, आता इतकी सुलभ झाली आहेत की या मापाची मक्तेदारी मोडणे शक्य झाले आहे. ही संधी कशी आणि कितपत घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

घनाचा हिशेब

प्रथम थोडे गणित पाहू. त्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. वाऱ्यातील शक्ती ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की वेग मोजण्यात दहा टक्क्यांची चूक झाली, तर शक्तीच्या हिशेबात सुमारे तेहतीस टक्क्यांची चूक होते. पाच टक्क्यांची झाली, तर जवळजवळ सोळा टक्क्यांची. जोरदार वाऱ्यात यंत्र आपल्या कमाल क्षमतेला पोचले की हा नियम थांबतो, हे खरे. परंतु वर्षातील बहुतेक तास वारा त्याखालीच असतो. किराणा दुकानातील तराजू दहा टक्के खोटा असेल, तर गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी नागवले जाते. वाऱ्याचा तराजू दहा टक्के खोटा असेल, तर हिशेब एक-तृतीयांशाने चुकतो.

आता हा तराजू कोठे ठेवलेला असतो ते पाहू. रूढ पद्धतीत वेगमापी हा मनोऱ्याच्या माथ्यावरील यंत्रपेटीवर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या मागे, बसवलेला असतो. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिले की वाऱ्यातील जास्तीत जास्त ५९.३ टक्के शक्तीच यंत्राला काढून घेता येते, आणि त्या आदर्श अवस्थेत वाऱ्याचा मूळ वेग चक्रापाशी दोन-तृतीयांश व चक्राच्या बऱ्याच मागे एक-तृतीयांश उरतो. म्हणजे पात्यांच्या मागे मोजलेला वारा हा लुटून झाल्यावर उरलेला, शिवाय पात्यांच्या बुंध्याने घुसळलेला वारा असतो. त्यावरून समोरून आलेल्या वाऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी एक सूत्र वापरतात आणि ते सूत्र सामान्यतः यंत्र बनवणारी कंपनीच पुरवते. काटाही तिचा, पासंगही तिचा!

समोरचा वारा खात्रीने मोजावयाचा तर चक्कीच्या पुढे, चक्राच्या मध्याइतका उंच मनोरा उभारून त्यावर प्रमाणित वेगमापी बसवावा लागतो, किंवा लेसर किरणांनी दूरवरच्या हवेचा वेग मोजणारे लायडार नावाचे उपकरण आणावे लागते. दोहोंचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. मोठ्या कंपनीला तो झेपतो. एखाद्या सहकारी संस्थेला, लहान मालकाला, ग्रामपंचायतीला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला तो झेपत नाही. ज्याच्याकडे भांडवल त्याच्याकडेच माप, असा हा सरळ व्यवहार आहे.

माप आणि पैसा

पवनऊर्जेच्या आपल्याकडील इतिहासात हे माप पैशाशी कसे जोडले गेले, हे कार्यकर्त्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे. १९९० च्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्याला पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा आयकरातून वजा करता येत असे. कंपन्यांवरील आयकर त्या दशकाच्या अखेरीस ३५ टक्क्यांच्या आसपास होता. गुंतवलेल्या रुपयातील पस्तीस पैसे, चक्की फिरो वा न फिरो, पहिल्याच वर्षी करबचतीच्या रूपाने परत येत. त्यात राज्य शासनाच्या विक्रीकर सवलतीची भर पडली. अशा गुंतवणूकदाराला वारा किती येतो याची फिकीर असण्याचे कारणच नव्हते. त्याला वारा नको होता, घसारा हवा होता. २००२ मध्ये हा घसारा ८० टक्क्यांवर आला, २०१२ मध्ये ही सवलत काढून घेतली गेली, २०१४ मध्ये ती पुन्हा दिली गेली आणि २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आली. दरम्यान २००९ च्या अखेरीस केंद्र सरकारने निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे अनुदान देण्याची योजना काढली. यंत्र उभे करण्याऐवजी यंत्र चालवण्याला पैसा द्यावा, हे तत्त्व योग्यच होते. ती योजनाही २०१७ मध्ये थांबली.

याहून महत्त्वाची बाब दराची आहे. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २००९ मध्ये पवनविजेचा दर ठरवताना ठिकाणांचे वाऱ्याच्या घनतेनुसार वर्ग पाडले. दर चौरस मीटरला २०० ते २५० वॉट इतका वारा असलेल्या ठिकाणी चक्की क्षमतेच्या २० टक्के चालेल, असे गृहीत धरले आणि ४०० वॉटच्या वर असलेल्या ठिकाणी ३० टक्के. महाराष्ट्रातही २०१० पासून अशी वर्गवारी आली. कमी वाऱ्याच्या ठिकाणी युनिटला अधिक दर आणि जास्त वाऱ्याच्या ठिकाणी कमी दर, अशी ती योजना होती. तत्त्वतः ती न्याय्य आहे. वरकस जमिनीला कमी सारा आणि बागायतीला जास्त, असेच ते सूत्र. परंतु त्यातून उद्भवणारा हितसंबंध स्पष्ट आहे. ठिकाणाचा वारा जितका कमी नोंदला जाईल तितका दर चढा आणि तो दर भरणार वीजग्राहक. कोणी लबाडी केली असा आरोप येथे करावयाचा नाही. जेथे मापातील प्रत्येक टक्क्याला किंमत आहे, तेथे माप एका पक्षाच्या हाती ठेवणे ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने सदोष व्यवस्था आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत लिलावाची पद्धत आली आणि युनिटचा दर एकदम ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. नव्या प्रकल्पांपुरता वर्गवारीचा प्रश्न मागे पडला, परंतु मापाचा प्रश्न दुसऱ्या दाराने आत आला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार वीजनिर्मितीचा अंदाज आगाऊ द्यावा लागतो आणि प्रत्यक्ष निर्मिती त्यापासून १५ टक्क्यांहून अधिक ढळली तर आकार भरावा लागतो. येणाऱ्या वाऱ्याची ज्याला अचूक माहिती तो वाचतो. ज्याला नाही तो भरतो. लहान मालक आणि सहकारी संस्था या दुसऱ्या वर्गात पडणार, हे सांगावयास नको.

चक्क्यांच्या देखभालीचे करार हा याच गोष्टीचा आणखी एक पैलू होय. या करारांत सर्वसाधारणपणे यंत्र वर्षातील अमुक टक्के वेळ ‘उपलब्ध’ राहील, अशी हमी असते. तमुक वीज निघेल अशी नव्हे. उत्पादन घटले की उत्तर तयार असते : ‘यंदा वारा कमी होता.’ ते खरे असेलही. परंतु ते खरे की खोटे, हे पडताळण्याचे साधन उत्तर देणाऱ्याच्याच हाती असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विक्रेत्याला मालाची माहिती असते आणि ग्राहकाला नसते, तेथे बाजार आपोआप नीट चालत नाही. वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या उसउत्पादकाला हे तत्त्व पारितोषिकावाचूनच ठाऊक आहे.

स्वस्त उपकरण काय करू शकते

आता या स्वस्त संवेदकांकडे वळू. त्यांचे दोन प्रकार विशेष उपयोगी आहेत. पहिला दाबाचा. वाऱ्यासमोर धरलेल्या नळीत दाब वाढतो आणि त्या वाढीवरून वेग काढता येतो. विमानाचा वेग याच तत्त्वाने मोजतात. साताऱ्याच्या पठारावर सेकंदाला ८ मीटर वेगाचा वारा असताना ही वाढ सुमारे ३५ पास्कल, म्हणजे तेथील हवेच्या एकूण दाबाचा जेमतेम अडीच हजारावा हिस्सा असते. एवढा सूक्ष्म फरक ओळखणारी नखाएवढी सिलिकॉनची चकती आज सामान्य बाजारात मिळते. दुसरा प्रकार ध्वनीचा. दोन लहान ध्वनिसंवेदक एकमेकांसमोर पंधरा सेंटिमीटरवर ठेवले, तर वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी थोडा लवकर आणि विरुद्ध जाणारा थोडा उशिरा पोचतो. ८ मीटरच्या वाऱ्यात हा फरक सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे वीस भागांचा असतो आणि साधे इलेक्ट्रॉनिक मंडळ तो मोजू शकते. मोटार मागे घेताना इशारा देणाऱ्या यंत्रणेतही याच जातीचे सुटे भाग असतात. असा संच जुळवण्याचा खर्च लाखांत नव्हे, हजारांत मोजावा लागतो.

हे संवेदक बसवावेत कोठे, याचे उत्तर डेन्मार्कमधील रिसो येथील संशोधकांनी दिले आहे. चक्राच्या मध्यभागी, पात्यांच्याही पुढे जे गोलसर आवरण असते, त्यावरच त्यांनी ध्वनीचे तीन संवेदक बसवले. तेथे पात्यांनी घुसळलेला वारा येत नाही. समोरून येणारा ताजा वारा मिळतो. शिवाय आवरण चक्राबरोबर फिरत असल्यामुळे वारा तिरका येत असेल, तर संवेदकाचा आकडा प्रत्येक फेरीत एकदा वर-खाली होतो आणि त्यावरून चक्कीचे तोंड वाऱ्याकडे बरोबर आहे की नाही, ते कळते. या रचनेचा गुण असा की संवेदकाचे शून्य थोडे सरकले, तरी फेरीतील चढउतार कायम राहतो. साहजिकच कोनाचे माप त्या दोषाने फारसे बिघडत नाही. चक्कीचे तोंड दहा अंशांनी चुकलेले असेल तर तीन ते साडेचार टक्के वीज वाया जाते. २ मेगावॉटची चक्की वर्षभरात क्षमतेच्या चतुर्थांश चालली, तर सुमारे ४४ लाख युनिटे निघतात. त्याचे तीन टक्के म्हणजे सव्वा लाखाहून अधिक युनिटे. तीन रुपये दराने हे वर्षाला चार लाख रुपये होतात. शिवाय तिरक्या वाऱ्याने पात्यांवर आणि धारकांवर ताण पडतो, दुरुस्ती वाढते आणि ती करण्यासाठी मनोरे चढणाऱ्या कामगारांचा धोकाही वाढतो. त्या कामगारांची दखल ताळेबंदात कोठेच नसते, म्हणून ती येथे घेतली पाहिजे.

स्वस्ताईची मर्यादा

तथापि, आपण यंत्रभक्तही होऊ नये. स्वस्त उपकरणाचे दोष लपवून ठेवणारी चळवळ पहिल्याच सुनावणीत तोंडघशी पडेल. वर सांगितलेल्या दाबमापकाचे शून्य केवळ एका पास्कलने सरकले तर ८ मीटरच्या वाऱ्यात वेगाची चूक दीड टक्क्याच्या आत राहते. पण ४ मीटरच्या मंद वाऱ्यात ती पावणेसहा टक्क्यांवर जाते, आणि घनाच्या नियमाने शक्तीचा हिशेब सतरा टक्क्यांनी चुकतो. सह्याद्रीवर तर आणखी एक अडचण आहे. तेथे वाऱ्याचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकच. ज्या जून ते ऑगस्टच्या महिन्यांत बहुतांश वीज निघते, त्याच महिन्यांत नळीच्या छिद्रात पाणी शिरते आणि ध्वनिसंवेदकांवर थेंब साचतात. उन्हाळ्यात धूळ असतेच.

पुष्कळ स्वस्त संवेदक बसवले की एकाची चूक दुसरा भरून काढतो, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. वीस संवेदकांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर सरासरीतील चूक सुमारे साडेचार पटींनी घटते. परंतु एकाच पावसाने, एकाच तापमानाने किंवा एकाच कारखान्यातील दोषाने सगळे एकाच दिशेला चुकत असतील, तर वीस काय आणि दोनशे काय, चूक तेवढीच राहते. एकमताने केलेली चूक ही चूकच असते.

याला इतिहासातील दाखलाही आहे. आजही सर्वत्र दिसणारा, वाट्यांचा फिरता वेगमापी आर्माच्या वेधशाळेतील टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये तयार केला. वाट्या नेहमी वाऱ्याच्या एक-तृतीयांश वेगाने फिरतात, मग त्या लहान असोत की मोठ्या, असे त्यांनी प्रतिपादन केले. सुरुवातीच्या काही प्रयोगांनी त्याला दुजोराही मिळाला. पुढे आढळले की हे प्रमाण वाट्यांच्या आणि दांड्यांच्या आकारानुसार बदलते. तोवर कित्येक ठिकाणचे वाऱ्याचे आकडे फुगवून नोंदले गेले होते. उपकरणामागे लबाडी नव्हती. उणीव होती ती वेळोवेळी प्रमाणाशी ताडून पाहण्याची.

म्हणून आपली मागणी केवळ ‘स्वस्त संवेदक बसवा’ अशी असता कामा नये. ‘ताडून पाहिलेला संवेदक बसवा आणि ताडून पाहण्याचे काम सार्वजनिक यंत्रणेकडे द्या’ अशी ती असली पाहिजे. २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्यान्वये भाजीवाल्या बाईच्या तराजूलासुद्धा सरकारी तपासणी आणि शिक्का लागतो. कोट्यवधी रुपयांच्या व्यवहाराच्या मुळाशी असलेल्या वाऱ्याच्या मापाला तसा शिक्का लागू नये, हा कोणता न्याय?

सार्वजनिक मापाची परंपरा

ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. पुण्याच्या हवामान खात्यात अनेक वर्षे काम केलेल्या ॲना मणी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात शंभराच्या आसपास हवामान-उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती उपकरणे परदेशांतून न आणता येथेच बनावीत, यासाठी आयुष्य वेचले. निवृत्तीनंतर देशभरच्या वाऱ्याच्या सर्वेक्षणाचे मोठे काम त्यांनी पार पाडले. आज चेन्नई येथील राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था तेच काम पुढे चालवते. म्हणजे कोणत्या पठारावर वारा आहे, हे जनतेच्या पैशाने शोधले गेले. त्यानंतर तेथे चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्या दिवसापासून वाऱ्याची नोंद खाजगी मालमत्ता झाली. शोध सार्वजनिक आणि हिशेब खाजगी, हा प्रकार आपण खनिजांच्या बाबतीतही पाहिला आहे.

दुसरा मार्ग कसा असतो, हे डेन्मार्कने दाखवले. तेथील पवनऊर्जेची सुरुवातच पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव येथील लोकविद्यालयात केली. १९७८ मध्ये रिसो येथे सार्वजनिक चाचणी केंद्र निघाले आणि त्याच वर्षी चक्कीमालकांची संघटना स्थापन झाली. मालक बहुतांशी शेतकरी आणि सहकारी गट होते. कोणत्या कंपनीच्या यंत्राने कोणत्या महिन्यात किती वीज दिली, याचे आकडे ते आपल्या मासिकात छापत. १९७९ पासून सरकारने खर्चाच्या ३० टक्के अनुदान सुरू केले, ते रिसोची मान्यता मिळालेल्या यंत्रांनाच. परिणामी वाईट यंत्र बनवणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही आणि चांगली यंत्रे जगभर गेली. २००० साली कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडेन येथे २० चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. डेन्मार्क हा समाजवादी देश नव्हे. परंतु माप लोकांच्या हाती असले की उद्योगही सुधारतो, हा धडा तेथून घेण्यास हरकत नाही.

दोन आक्षेप

या मागणीवर दोन आक्षेप येतील. कंपन्या म्हणतील, वाऱ्याची नोंद हे आमचे व्यापारी गुपित आहे. त्यांना नम्रपणे विचारले पाहिजे की यंत्राच्या पात्याचा आराखडा गुपित असू शकेल, पण डोंगरावरचा वारा तुमच्या मालकीचा कधी झाला? पावसाचे आकडे तालुकावार प्रसिद्ध होतात. धरणात किती पाणी आले ते रोज जाहीर होते. कोयनेच्या जलाशयात शिरणाऱ्या पाण्याचा हिशेब जनतेला मिळतो, आणि त्याच जलाशयाच्या काठच्या पठारावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा मात्र मिळत नाही, यामागे कोणतेही तत्त्व नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच साथींचा असेल : खरा प्रश्न जमिनीचा आहे, साक्रीकडे वनजमिनीवर चक्क्या आल्या तेव्हा आदिवासींना आपल्या हक्कांसाठी झगडावे लागले, अशा वेळी संवेदकांची चर्चा कशाला? जमिनीचा प्रश्न पहिला, यात शंका नाही. परंतु जमिनीचा योग्य मोबदला म्हणजे काय? एकरकमी पैसे घेऊन मोकळे होण्याऐवजी उत्पन्नातला कायमचा हिस्सा मागावयाचा असेल, तर ते उत्पन्न किती होऊ शकले असते हे कळले पाहिजे. आणि ते वाऱ्याच्या मापावाचून कळत नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो केवळ रोजगारासाठी नव्हे. माणसाला समजेल आणि त्याच्या ताब्यात राहील असे यंत्र असावे, हा त्यामागचा विचार होता. शंभर मीटर उंचीची चक्की गावाच्या ताब्यात येणे आज अवघड आहे. तिच्यापुढच्या वाऱ्याचे माप मात्र येऊ शकते.

कार्यक्रम

ही वेळ महत्त्वाची आहे. पवनचक्क्यांचे नूतनीकरण आणि आयुर्वृद्धी यांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२३ मध्ये जाहीर झाले. साताऱ्याच्या पठारावरील जुनी, लहान क्षमतेची यंत्रे काढून तेथे मोठी यंत्रे बसवण्याचा विचार त्यानुसार होणार. उत्तम वाऱ्याच्या या जागा नव्या करारांनी पुढच्या पंचवीस वर्षांसाठी बांधल्या जातील. त्या करारांत मापाविषयी एक ओळ घालून घेण्याची संधी आताच आहे. सह्या झाल्यावर नाही.

आपल्या मागण्या थोडक्यात अशा असाव्यात. प्रत्येक नव्या वा नूतनीकृत चक्कीवर, पात्यांच्या पुढे, कंपनीच्या यंत्रणेपासून स्वतंत्र असा संवेदक असावा आणि त्याची दैनिक सरासरी महाऊर्जेने प्रसिद्ध करावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर काही संवेदक चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि ते प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावेत. कऱ्हाड आणि सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना हे काम द्यावे, म्हणजे विद्यार्थ्यांना शिक्षण आणि जनतेला तपासणी असे दोन्ही साधेल. देखभालीच्या करारांत यंत्राच्या उपलब्धतेबरोबरच आलेल्या वाऱ्याच्या मानाने निघालेल्या विजेची हमी असावी. गावाला मिळणारा हिस्सा या तपासलेल्या नोंदीवर आधारावा आणि ती नोंद वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचली जावी.

यासाठी मोर्च्याइतकेच कागदाचेही काम लागेल. विद्युत नियामक आयोगाच्या जाहीर सुनावण्यांत कोणीही नागरिक लेखी हरकत नोंदवू शकतो. तेथे उद्योगांचे प्रतिनिधी जाडजूड फायली घेऊन हजर असतात आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणारी माणसे मोजकीच असतात. पाटण, सातारा, कवठे महांकाळ आणि साक्री येथील आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील दोन विज्ञानशिक्षकांना सोबत घेऊन एक पावसाळा जरी नोंदी ठेवल्या, तरी पुढच्या सुनावणीत आपल्या फायलीत केवळ घोषणा नसतील, आकडे असतील. काट्यापाशी उभे राहून वजन पाहण्याचा हक्क उसउत्पादकाने मागून घेतला, तसाच हाही मागावा लागेल. तयारीला लागण्यास पुढचा मृग फार दूर नाही.